ट्रॅक्सचा एफआय पंप: काढायचा कधी, काढायचा कसा आणि बेंचवर नक्की काय बघायचं

घाटरस्ता

नमस्कार मंडळी, घरच्या जुन्या ट्रॅक्सचा एफआय पंप (इंजेक्टरला दाबानं डिझेल पुरवणारा फ्युएल इंजेक्शन पंप) काढून, बांधून, परत बसवून झालाय आणि दिवे घाट आता गाडी न रडता चढते, तर सगळं डोक्यात ताजं आहे तोवर लिहून काढतो. मराठीत याबद्दल काही सापडत नाही, जे आहे ते मिस्त्री लोकांच्या डोक्यात आणि ते बिचारे लिहायला बसत नाहीत.

आधी इंजिन कुठलं ते. बजाज टेम्पोचं, आकुर्डीत बनलेलं, मर्सिडीजच्या ओएम ६१६ वरून आलेलं चार सिलिंडर, साधारण २.४ लिटर, प्रीचेंबरवालं. कंपनीचं नाव २००५ ला फोर्स मोटर्स झालं पण आमच्याकडं अजून सगळे टेम्पोची गाडीच म्हणतात. पंप मायकोचा इनलाइन, म्हणजे चार सिलिंडरला चार एलिमेंट (डिझेल दाबणारा प्लंजर आणि तो ज्यात सरकतो ते बॅरल) एका ओळीत, खाली कॅमशाफ्ट, मागं गव्हर्नर (स्पीड आवरणारा), बाजूला फीड पंप (टाकीतून डिझेल ओढणारा). मायको म्हणजे आताचं बॉश लिमिटेड, २००८ ला नाव बदललं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे पाना हातात घ्यायच्या आधी वाचा. पंप शेवटचा संशयित असला पाहिजे, पहिला नाही. गाडी सकाळी लवकर उठत नाही, पांढरा धूर, आयडलला थरथर, घाटात पिकअप नाही, असं सांगितलं की गॅरेजमध्ये पहिलं वाक्य ऐकू येतं की पंप गेला. अरे पण हीच लक्षणं डिझेल फिल्टर चोंदला तरी येतात, रिटर्नचे बारके रबरी पाइप कडक होऊन तिथून हवा धरली तरी येतात, हीटर प्लग मेले तरी येतात, नोझल (इंजेक्टरचं फवारणारं टोक) गळत असलं तरी येतात, कॉम्प्रेशन गेलं असेल तर मग बोलायलाच नको. हे सगळं तपासणं पंपापेक्षा स्वस्त आणि सोपं आहे. मी फीड पंपाच्या आधी थोडा पारदर्शक पाइप टाकून बघितला, बुडबुडे दिसले की समजायचं हवा टाकीच्या बाजूनं येतेय. मग इंजिन आयडलला ठेवून एकेका इंजेक्टरचा पाइप नट थोडा सैल करायचा, ज्याचा सैल केल्यावर इंजिनाच्या आवाजात फरकच पडत नाही तो सिलिंडर काम करत नाहीये. मग त्याचं इंजेक्टर शेजारच्याशी बदलायचं. दोष इंजेक्टरबरोबर गेला तर नोझल, तिथंच राहिला तर कॉम्प्रेशन नाहीतर पंप.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगतो, हाय प्रेशरच्या पाइपमधून फवारा येतोय का हे बोटानं कधी बघू नका. तो फवारा कातडीतून आत शिरतो, वरून टाचणीएवढी खूण दिसते आणि आत बोट सडायला लागतं. पुठ्ठा धरून बघा, डोळ्याला चष्मा लावा, आणि लागलंच तर घरी हळद लावत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा आणि डॉक्टरला डिझेल आत गेलंय असं स्पष्ट सांगा.

काढायचं कसं ते पुढच्या पोस्टमध्ये टाकतो.

सासवडकर

दादा लय भारी काम केलंत, लिहा लिहा. माझ्याकडं पण सेम इंजिन आहे, शेतावरची गाडी. मला वेगळाच प्रॉब्लेम आहे, ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वाढतंय!! डिपस्टिक काढली की लेव्हल वरच्या खुणेच्या पण वर आणि ऑइल पातळ पाण्यासारखं, वासाला डिझेल. एकजण म्हणतो हेड गॅस्केट, दुसरा म्हणतो पिस्टनच्या रिंगा गेल्या. हेड उतरवू का?

खडकी_फिटर

सासवडकर, थांबा. हेड उतरवू नका. आणि तोवर गाडी चालवू पण नका, पातळ ऑइलवर बेअरिंग जातील आणि मग खर्च कुठल्या कुठं जाईल.

मी आयुष्यभर इंजिनांवर काम केलंय, आता निवृत्त आहे. ऑइलमध्ये पाणी आलं तर गॅस्केटचा विचार करायचा, त्यात ऑइल दुधाळ होतं. डिझेल आलं तर डिझेल कुठून येऊ शकतं ते बघायचं. या पंपाचा खालचा भाग, म्हणजे कॅम आणि टॅपेट, इंजिनाच्याच ऑइलवर चालतो. वरचा भाग म्हणजे प्लंजर आणि बॅरल, तो डिझेलवर. दोघांच्या मध्ये पडदा काय तर प्लंजर आणि बॅरलमधली फट, जी नव्या एलिमेंटला दोन तीन मायक्रॉन असते. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा धरा म्हणजे अंदाज येईल. ही फट झिजून वाढली की डिझेल खाली उतरतं, पंपातून इंजिनाच्या चेंबरमध्ये, म्हणजे खालच्या ऑइलच्या भांड्यात. फीड पंपाची दांडी झिजली असेल तर तिथून पण येतं, तो तर पंपाला चिकटूनच बसलेला असतो, आधी तोच काढून बघा, सोपा आहे. एखादं नोझल अर्धवट उघडं राहून सिलिंडरमध्ये डिझेल ओतत असेल तरी ते रिंगांवरून खाली जातं, पण मग सोबत धूर आणि ठोका असणार. तुमच्या गाडीला धूर आहे का?

घाटरस्ता यांनी कॉम्प्रेशनचं नुसतं नाव घेतलंय, मी जरा जोर देऊन सांगतो. या इंजिनाचा रेशो २१ ला १ आहे. चांगल्या इंजिनाला गेजवर २२ ते २४ बार दाखवतं, १५ च्या आसपास आलं की इंजिनच उघडायच्या लायकीचं झालं, आणि चार सिलिंडरमध्ये तीन बारपेक्षा जास्त फरक नको. कॉम्प्रेशन न बघता पंपावर पैसे घालणारी माणसं मी खूप बघितलीत. पंप नवा होतो, गाडी तशीच राहते, आणि मग शिव्या पंपवाल्याला.

सासवडकर

काका धूर नाही. चालते छान, फक्त सकाळी जरा जास्त सेल्फ मारावा लागतो. फीड पंप उद्याच काढून बघतो. गाडी उभी केली.

घाटरस्ता

काकांनी बरोबर सांगितलं, माझ्या गाडीत पण लेव्हल हळूहळू वर जात होती, त्यावरूनच पंपाकडं बोट गेलं.

आता काढणं. पहिलं काम धुणं. पंपाच्या आजूबाजूला वर्षानुवर्षांचा तेल-मातीचा थर असतो, तो ब्रश आणि डिझेलनं घासून पूर्ण काढायचा, आणि नट सैल करायच्या आधी काढायचा, नंतर नाही, कारण नट सैल झाला की घाण आत जायला रस्ता मोकळा. बॅटरीची निगेटिव्ह काढा. खाली ट्रे ठेवा.

मग इंजिन मार्कवर आणायचं. क्रँकच्या पुढच्या बोल्टवर सॉकेट लावून इंजिन ज्या दिशेनं चालतं त्याच दिशेनं फिरवायचं, उलटं अजिबात नाही, उलटं फिरवलं की टायमिंग चेनचा ढिलेपणा मध्ये येतो आणि मार्क खोटा बोलतो. पुलीवर अंशांच्या खुणा आहेत. मर्सिडीजच्या मूळ आकड्याप्रमाणं पंपाचं टायमिंग, म्हणजे डिझेल दाबलं जायची सुरुवात, टीडीसीच्या (पिस्टन सगळ्यात वर असतो त्या जागेच्या) २४ अंश आधी आहे, तुमच्या इंजिनाच्या पुस्तकात किंवा प्लेटवर वेगळं असेल तर तेच खरं धरा. पहिल्या सिलिंडरचा कॉम्प्रेशन स्ट्रोकच पाहिजे, त्यासाठी ऑइल टाकायचं झाकण किंवा व्हॉल्व्ह कव्हर काढून बघा, एक नंबरच्या दोन्ही व्हॉल्व्हचे कॅम वर तोंड करून असले पाहिजेत. पंप इंजिनाच्या निम्म्या स्पीडनं फिरतो त्यामुळं पुलीवरचा मार्क दर दुसऱ्या फेरीलाच कामाचा, हे विसरलं की पंप बरोबर उलटा बसतो आणि गाडी काही केल्या उठत नाही. मार्कवर आणल्यावर पंपाची फ्लँज आणि इंजिन यांच्यावर मिळून एक बारीक सरळ रेघ ओढा, छिन्नीनं नाही, टोकदार सुईनं. ही रेघ म्हणजे परत येताना निदान जवळपास तरी आणून सोडणारी खूण.

नंतर हाय प्रेशर पाइप. १७ चा पाना लागतो, शक्यतो पाइपवर सरकणारा, म्हणजे एक बाजू कापलेला रिंग पाना, ओपन पान्यानं नट गोल होतात. चारही पाइप क्लॅम्पसकट एकत्र उचलायचे, सुटे करून वाकवायचे नाहीत. पाइप निघाले की पंपाची चार तोंडं, चार इंजेक्टर आणि पाइपची आठ टोकं, सगळ्यावर लगेच टोप्या. मी बाजारातून प्लास्टिकच्या टोप्या आणल्या, नाना पेठेत स्पेअरच्या दुकानांत मिळतात. चिंधी कोंबू नका, कापसाचा तर एक धागा पण आत जाता कामा नये.

मग डिझेलचे आत-बाहेरचे पाइप, अॅक्सिलेटरची दांडी, बंद करायची केबल किंवा व्हॅक्यूमचा पाइप, जे असेल ते. फोटो काढत चला. मागचा आधाराचा ब्रॅकेट, मग पुढच्या फ्लँजचे तीन नट. आतल्या बाजूचा नट दिसत नाही, आरशानं शोधावा लागतो, लांब एक्स्टेंशन आणि युनिव्हर्सल जॉइंट असेल तर बरं. नट निघाले की पंप सरळ मागं ओढायचा, तो बऱ्यापैकी जड असतो, दोन माणसं असू द्या. पंपाच्या शाफ्टवर दातेरी कपलिंग बाही आहे, ती कधी पंपाबरोबर येते कधी इंजिनात राहते, खाली पडू देऊ नका. आणि पंप बाहेर असेपर्यंत इंजिन फिरवू नका, कोणी हँडल मारणार नाही असं बघा.

पाषाणचा_पाना

एक विचारू का, पंप न काढता वरच्या वर डिलिव्हरी व्हॉल्व्हचे वॉशर आणि ओ-रिंग बदलता येतात ना? माझ्या गाडीत चार डिलिव्हरी होल्डरच्या बुडाशी कायम ओलं असतं. मग पंप उतरवायचा एवढा उपद्व्याप कशाला.

घाटरस्ता

फक्त वरून गळत असेल तर येतात, आणि तेवढंच करा. होल्डर काढायला दातेरी खाचांचा खास सॉकेट लागतो, साध्या पान्यानं किंवा पाइप रेंचनं ते दात जातात. एका वेळी एकच होल्डर उघडायचा, व्हॉल्व्ह आणि त्याची सीट ही जोडी आहे, एकीचा व्हॉल्व्ह दुसरीत गेला नाही पाहिजे. बसवताना टॉर्क रेंच हवाच. मर्सिडीजवाल्यांची पद्धत अशी की ३० न्यूटन मीटरला आवळा, सोडा, परत ३० ला आवळा, सोडा, आणि मग शेवटी ३५. त्यानं तांब्याचा वॉशर नीट दबून बसतो. जास्त आवळलं तर बॅरल दाबलं जाऊन प्लंजर आत अडकू शकतो आणि रॅक, म्हणजे डिझेलचं माप ठरवणारी दांडी, फुल्लवर अडकला तर काय होतं ते काका सांगतील.

बेंचवाला_भोसरी

बरोबर लिहिलंय. माझा कॅलिब्रेशनचाच, म्हणजे पंपाचं माप बेंचवर (तपासणीच्या यंत्रावर) जुळवायचा व्यवसाय आहे त्यामुळं बेंचच्या बाजूनं थोडं लिहितो, लोकांना वाटतं पंपवाला आत नेऊन काय करतो ते गुपित आहे, तसं काही नाही.

हा पंप काम कसा करतो ते आधी डोक्यात बसवा. प्लंजर कायम तेवढाच वर-खाली होतो, कॅम बदलत नाही. पण प्लंजरच्या अंगावर तिरपी कापलेली खाच आहे. प्लंजर वर जाताना बॅरलचं भोक झाकलं की डिझेल दाबलं जायला सुरुवात, आणि तिरपी खाच त्या भोकासमोर आली की दाब सुटला, डिलिव्हरी संपली. रॅक सरकला की प्लंजर स्वतःभोवती थोडा वळतो, त्यामुळं खाच लवकर येते किंवा उशिरा, आणि तेवढं डिझेल कमी किंवा जास्त. अॅक्सिलेटर दाबून तुम्ही एवढंच करता. १९२७ मध्ये बॉशनं हा पंप मोठ्या संख्येनं बनवायला घेतला, त्याआधी बहुतेक डिझेल इंजिनात इंधन फवारायला कॉम्प्रेसरची हवा लागायची, म्हणून गाडीत डिझेल इंजिन फारसं बसत नव्हतं. आज कॉमन रेल आलं तरी ही तिरपी खाच मला अजून सगळ्यात हुशार कल्पना वाटते, एक तुकडा लोखंड फिरवलं की माप बदलतं.

डिलिव्हरी व्हॉल्व्हचं काम वेगळं. दाब सुटला की तो खाली बसताना पाइपमधलं थोडं डिझेल मागं ओढून घेतो, म्हणून नोझल टचकन बंद होतं. त्याची ती बारीक कॉलर झिजली की नोझलच्या तोंडाला थेंब लोंबकळतो आणि काळा धूर. लोक नोझल बदलत बसतात.

माझ्याकडं पंप आला की मी आधी तो जसा आहे तसा बेंचवर चढवतो, उघडत नाही. चार काचेच्या नळ्यांत चार सिलिंडरचं माप पडतं, ठरावीक स्ट्रोकला किती सीसी ते. आयडल, फुल लोड, सेल्फच्या स्पीडला किती, गव्हर्नर कुठं कापतो. पंपाच्या प्लेटवरच्या नंबराप्रमाणं टेस्ट शीट असतं, त्याच्याशी जुळवायचं. गिऱ्हाइकानं उभं राहून हे बघावं असं माझं म्हणणं आहे. आधीचं माप आणि नंतरचं माप दोन्ही लिहून मागा. जो देत नाही त्याच्याकडं पंप टाकू नका.

उघडल्यावर प्रत्येक एलिमेंट वेगळा, प्लंजर त्याच्याच बॅरलबरोबर. बसवताना अदलाबदल झाली की दोन्ही एलिमेंट भंगार. घरी कुणी उघडणार असेल तर मिसळणाचा डबा घ्या, त्याच्या वाट्या बऱ्या पडतात. प्लंजर डिझेलमध्ये बुडवून बॅरलमधून एक तृतीयांश वर ओढायचा, बॅरल तिरपं धरून सोडायचा. चांगला असेल तर स्वतःच्या वजनानं सावकाश सरकत खाली जातो. भसकन पडला तर झिजलाय, अडकला तर ओरखडा आहे किंवा गंज. उजेडात प्लंजरची वरची कड बघा, भोकाच्या समोरचा भाग आरशासारखा न दिसता भुरकट रेघांचा दिसला की तो एलिमेंट गेला. तो भाग पॉलिश करून परत घालणारे पण आहेत, पॉलिशनं फट वाढते, कमी होत नाही, हे साधं गणित आहे.

बांधल्यावर दोन मापं जुळवावी लागतात, आणि हेच घरी होत नाही. एक म्हणजे फेजिंग, चार सिलिंडरच्या पंपाला दर ९० अंशाला पुढच्या एलिमेंटची सुरुवात झाली पाहिजे, १-३-४-२ या क्रमानं, फरक अर्धा अंश इकडं तिकडं. दुसरं चारही नळ्यांतलं माप एकसारखं. हे डोळ्यानं किंवा कानानं होत नाही. म्हणून माझं स्पष्ट मत, काढणं-बसवणं स्वतः करा, वरचे वॉशर स्वतः बदला, पण एलिमेंट, रॅक, गव्हर्नरला हात लावला तर बेंचशिवाय गाडीत चढवू नका.

इंडिका_कोथरूड

खूप छान माहिती मिळतेय. माझी जुनी इंडिका डिझेल आहे, तिलाही हेच लागू होतं का? मेकॅनिक म्हणतो पंप रोटरी आहे आणि शाफ्टच्या बाजूनं डिझेल गळतंय. टायमिंग बेल्ट डिझेलनं ओला झालाय.

बेंचवाला_भोसरी

ताई, बेल्टवर डिझेल म्हणजे थांबायचं. डिझेलनं बेल्टचं रबर फुगतं आणि तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आपटतात. पंपाच्या शाफ्टचं सील बदलाच, बेल्ट पण नवा टाका, आणि टेन्शनर पण.

तुमचा पंप व्हीई जातीचा. त्यात चार सिलिंडरला मिळून एकच प्लंजर, तो फिरतो पण आणि पुढं-मागं पण होतो आणि आळीपाळीनं चारी बाजूला डिझेल वाटतो. फरक असा की तो पूर्ण डिझेलवरच चालतो, आत इंजिन ऑइल नाही. त्यामुळं डिझेलमधलं पाणी आणि रॉकेलची भेसळ त्याला इनलाइनपेक्षा फार लवकर मारते. फिल्टरच्या तळाचं पाणी नियमित सोडत जा, पावसाळ्यात तर नक्की. काढताना पंपाची पुली टेपर शाफ्टवर असते, ती पुलरनंच काढायची, शाफ्टच्या तोंडावर हातोडा मारला की आतला व्हेन पंप आणि कॅम प्लेट दोन्हीला धक्का. आणि टायमिंग इनलाइनसारखं नळीतून पडणाऱ्या थेंबावर नाही, पंपाच्या मागच्या हेडचा बारका प्लग काढून तिथं डायल गेज लावून प्लंजर किती उचलला ते बघतात, आकडा कंपनीच्या मॅन्युअलमधला घ्यायचा.

इंडिका_कोथरूड

धन्यवाद दादा, गाडी उभी केली. बेल्ट, टेन्शनर आणि सील एकत्रच करून घेते.

घाटरस्ता

आता बसवणं आणि टायमिंग, मला स्वतःला सगळ्यात आवडलेला भाग.

पंप बेंचवरून आला की इंजिन परत त्याच २४ अंशावर, एक नंबर कॉम्प्रेशन, आणि पंपाच्या शाफ्टवरची खूण पंपाच्या बॉडीवरच्या खुणेशी जुळवून, नवं गॅस्केट लावून सरळ आत. कपलिंगचे दात जुळले की तो स्वतःच आत जातो, नटांनी ओढून बसवायचा प्रयत्न करू नका. तीन नट हातानं, पंप थोडा वळता आला पाहिजे, फ्लँजची भोकं लांबट त्यासाठीच आहेत. बसवायच्या आधी पंपाच्या कॅमच्या भागात थोडं इंजिन ऑइल टाका, बेंचवरून येताना तो कोरडा असतो.

मग थेंबाची पद्धत. एक नंबरचा डिलिव्हरी होल्डर काढून आतली स्प्रिंग आणि व्हॉल्व्ह बाजूला ठेवायचे, झाकून, स्वच्छ वाटीत. होल्डर परत लावून त्यावर वाकडी नळी. रॅक फुल डिलिव्हरीला पाहिजे, मेकॅनिकल गव्हर्नर असेल तर अॅक्सिलेटरची दांडी पूर्ण दाबून बांधून ठेवायची, न्यूमॅटिक (व्हॅक्यूमवर चालणारा) असेल तर इंजिन बंद असताना स्प्रिंग त्याला आपोआप फुल्लवर ढकलते. आता हँड प्रायमरनं डिझेल दाबायचं, नळीतून धार लागते. एकजण प्रायमर मारतो, एकजण क्रँक हळूहळू चालायच्या दिशेनं फिरवतो. धार बारीक होते, तुटते, थेंब पडायला लागतात, आणि सेकंदाला एक थेंब असा वेग आला की थांबायचं. तोच क्षण बॅरलचं भोक झाकलं जाण्याचा. पुलीवर वाचा. २४ आलं तर झालं, नाही आलं तर पंप थोडा वळवा, क्रँक त्याच दिशेनं अजून दोन फेऱ्या फिरवून परत मार्ककडं आणा आणि पुन्हा थेंब बघा. दोन्ही वेळा तोच आकडा आला पाहिजे. घाई केली की एक-दीड अंशानं फसवतो, म्हणून आपल्या श्वासाच्या वेगानं फिरवा.

टायमिंग जास्त पुढं गेलं की कडक ठोका आणि थंडीत अवघड स्टार्ट, मागं राहिलं की पांढरा धूर आणि घाटात दम नाही.

खडकी_फिटर

छान लिहिलंत. गावाकडं किर्लोस्करचं एक सिलिंडरचं पाणी काढायचं इंजिन ज्यांच्याकडं आहे त्यांच्यासाठी जोडतो, तत्त्व हेच. आमच्या खडकीची ही इंजिनं महाराष्ट्रभर शेतात आहेत आणि इंजिनिअरिंग कॉलेजांच्या लॅबमध्ये पण. पाच एचपी एव्ही-१ ला २३ अंश, इंजेक्टर २०० बारला. तिथं पंप वळवता येत नाही, फ्लँजखाली शिम, म्हणजे पातळ पत्र्याच्या चकत्या असतात. शिम वाढवली की टायमिंग मागं जातं, काढली की पुढं येतं. जुनं गॅस्केट फेकून जाडजूड कागद कापून घालतात आणि मग इंजिन ताकद धरत नाही म्हणून पिस्टन बदलतात, कागदाची जाडी पण शिमच आहे.

आता पहिला स्टार्ट. हवा काढायचा क्रम टाकीकडून इंजिनाकडं. आधी फिल्टरचा स्क्रू सैल करून प्रायमर मारा, बुडबुडे संपेपर्यंत. मग पंपाचा. मग इंजेक्टरकडचे चार नट एकेक फेरी सैल ठेवून सेल्फ मारा, ओलं दिसलं की आवळा. सेल्फ थोडा थोडा मारा, स्टार्टर तापू देऊ नका.

आणि रॅक फुल्लवर अडकला तर काय. गाडी स्टार्ट होते आणि थांबत नाही, किल्ली काढली तरी नाही, स्पीड चढतच जातो. म्हणून पंप बांधून आल्यावर पहिल्या स्टार्टला एअर फिल्टरचं झाकण काढून ठेवा आणि एक माणूस जाड लाकडी फळी हातात घेऊन हवेच्या तोंडापाशी उभा करा. हवा बंद केली की इंजिन मरतं. हात ठेवायचा नाही, ओढून घेतं. स्टार्ट करायच्या आधी बंद करायची दांडी हलवून रॅक मोकळा आहे ते बघा. न्यूमॅटिक गव्हर्नरवाल्यांनी आत डायफ्राम फाटलाय का ते पण बघून घ्या, तो फाटला की व्हॅक्यूम धरत नाही आणि रॅक फुल्लवरच राहतो.

पाषाणचा_पाना

काका हे फळीचं कुणी सांगितलंच नव्हतं, थँक्यू. एक शंका, आताच्या बीएस-६ डिझेलनं जुने पंप खराब होतात म्हणतात ते खरं का? माझा पंप इतकी वर्षं कोरडा होता, अलीकडेच गळायला लागला.

बेंचवाला_भोसरी

अर्धं खरं. १ एप्रिल २०२० पासून देशभर १० पीपीएम गंधकाचं डिझेल आहे, पुण्यात २०१० पासूनच ५० पीपीएमचं मिळत होतं. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलचा नैसर्गिक वंगणपणा कमी होतो, पण तो भरून काढायला रिफायनरी अॅडिटिव्ह घालतात आणि त्याची चाचणी डिझेलच्या मानकातच आहे, त्यामुळं चांगल्या पेट्रोल पंपावरचं डिझेल घातलं तर एलिमेंट त्यापायी झिजत नाहीत. सील मात्र खरंच गळतात. जुन्या नायट्राइल रबरानं जुन्या डिझेलमधले घटक शोषून फुगून जागा धरलेली असते, डिझेल बदललं की ते आकसतं आणि म्हातारं रबर परत फुगत नाही. किट घेताना व्हिटॉन रबराच्या ओ-रिंग मागा, थोड्या महाग पडतात पण घालाच. वरून टू-स्ट्रोक ऑइल वगैरे मिसळायच्या भानगडीत पडू नका.

सासवडकर

अपडेट देतो. फीड पंप काढला, दांडी चांगली ढिली होती आणि मागं सगळं डिझेल. नवीन फीड पंप टाकला, ऑइल आणि फिल्टर बदलला, आता लेव्हलवर खूण करून चालवतोय. अजून तरी जागच्या जागी आहे. काका हेड वाचवलंत माझं!

खडकी_फिटर

चांगलं झालं. आठवडाभर रोज सकाळी गाडी सुरू करायच्या आधी डिपस्टिक बघा. वाढली तर मग एलिमेंट.

पाषाणचा_पाना

शेवटचं, पंप बांधला तर नोझल पण बदलायची का? आणि पीयूसीला गाडी पास होईल का, गेल्या वेळी धुरावर अडली होती.

घाटरस्ता

नोझल आधी टेस्टरवर लावून बघ, न बघता बदलू नको. या इंजिनाला नवं नोझल ११५ बारच्या आसपास उघडतं, वापरलेलं १०० च्या खाली आलं की शिम घालून वर आणायचं नाहीतर बदलायचं, आणि चारही एकमेकांच्या जवळ पाहिजेत. दाबाइतकंच बघायचं म्हणजे फवारा कसा पडतो आणि बंद झाल्यावर तोंड कोरडं राहतं का. इंजेक्टर काढशील तेव्हा खालचे हीट शील्ड वॉशर नवे टाक, ते परत वापरायचे नसतात, आणि जुना वॉशर आत चिकटून राहिला नाही ना ते टॉर्चनं बघ.

पीयूसीचं म्हणशील तर आपल्या जुन्या गाड्यांना फ्री अॅक्सिलरेशनला (उभ्या गाडीत पूर्ण रेस देऊन) ६५ एचएसयूची (धूर मोजायचं एकक) मर्यादा आहे. पंपाचं माप शीटप्रमाणं असेल, टायमिंग बरोबर असेल आणि एअर फिल्टर स्वच्छ असेल तर त्याच्या बरंच खाली येतं. फक्त पंपवाल्याला पिकअप वाढव म्हणून फुल लोडचा स्क्रू उघडायला सांगू नकोस, धूर तिथूनच येतो. आणि टेस्टला जाताना इंजिन पूर्ण गरम करून ने.